सोसायचं कुठपर्यंत? नोकरीतला जाच आणि आपली उपासना

॥ श्रीगुरवे नमः ॥

 

मागच्या दोन महिन्यांत आपल्या कौटुंबिक गटांवर एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत चार-पाच जणांनी विचारला. "मुलाला ऑफिसात फार त्रास आहे, साहेब अपमान करतात, कोणतं स्तोत्र म्हणावं?" "सुनेची नोकरी चांगली आहे, पण रोज रडत येते, काय करावं?" एका ताईंनी तर लिहिलं, "प्रारब्ध म्हणून सोसावं की नोकरी सोडावी, सद्गुरूंचं याबाबत काय सांगणं आहे?"

या वेळचा अभ्यासपाठ याच विषयावर घ्यायचं ठरलं. लिहिण्याची सेवा आमच्याकडे आली, कारण हा प्रश्न आमच्या घरात वर्षभर मुक्कामाला होता. त्यात आमचं चुकलंही होतं. ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं नुसता उपदेश वाटणार नाही.

*आमच्या घरात काय झालं*

आमची सून वडोदऱ्यातच एका खासगी कंपनीत हिशेब विभागात होती. पगार बरा, घरापासून स्कूटरवर पंचवीस मिनिटं. पहिली दोन वर्षं छान गेली. मग विभागाचे साहेब बदलले.

नवे साहेब रात्री अकराला ग्रुपवर काम टाकायचे आणि सकाळी नवाच्या आत "झालं का?" म्हणून विचारायचे. सोमवारी एक सांगायचे, बुधवारी उलटं सांगायचे आणि शुक्रवारी "हे कुणी करायला सांगितलं?" म्हणून सगळ्यांसमोर ओरडायचे. चूक त्यांची असली की नाव खालच्यांचं, काम चांगलं झालं की नाव त्यांचं. रजा मागितली तर मंजूर नाही आणि नामंजूरही नाही, नुसतं "बघू". चार माणसांच्या विभागातून दोघं सोडून गेली. त्यांच्या जागी कुणी आलं नाही, काम मात्र तेवढंच राहिलं.

घरात आम्हाला काय दिसलं? आधी तिचा नाश्ता सुटला. चहाबरोबर एखादा खाखरा घेऊन निघायची. मग रविवारी संध्याकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं, फक्त रविवारीच. नातवावर कारण नसताना चिडायची आणि मग त्याला कुशीत घेऊन बसायची. आरतीला उभी राहिली तरी फोन ओच्यात.

आणि आम्ही काय केलं? आम्ही तिला नाथांची गोष्ट सांगितली. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या पदरी असताना एकनाथमहाराजांनी एका पैच्या चुकीसाठी रात्रभर जागून हिशेब तपासला, ती गोष्ट. "बघ, तुझंही काम हिशेबाचंच. गुरुसेवा समजून कर. साहेब म्हणजे प्रारब्ध आहे, भोगून संपव." हे आम्ही अगदी प्रेमाने सांगितलं. ती "हो आई" म्हणाली.

एक दिवस दुपारी तिच्या मैत्रिणीचा फोन आला की ती आज ऑफिसला पोचलीच नाही. घरून तर वेळेवर निघाली होती. फोन उचलत नव्हती. ते तीन तास आमचे कसे गेले ते सद्गुरूच जाणतात. संध्याकाळी ती स्वतःच आली. कमाटी बागेत एका बाकावर बसून होती. म्हणाली, "आई, गेटपर्यंत गेले होते. आत पाऊल टाकवेना. घरी यावं तर तुम्ही विचाराल. मग बसले तिथेच."

"तुम्ही विचाराल" हे दोन शब्द आम्हाला फार लागले. ज्या घरात रोज उपासना होते, त्या घरी यायची तिला भीती वाटली. ऑफिसात साहेबांची भीती आणि घरात आमच्या उपदेशाची.

*सहनशीलता म्हणजे नेमकं काय?*

त्या रात्री आम्ही दोघांनी बसून विचार केला की आपण काय चुकलो. पुढच्या गुरुवारी केंद्रात ज्येष्ठांपुढेही विषय काढला. त्यातून समजलं ते असं.

सहनशीलता हा साधकाचा गुण खराच. थंडी-ऊन, मान-अपमान, लाभ-हानी यांत मन न ढळू देणं म्हणजे तितिक्षा. पण हा गुण ज्याचा त्याने आपल्या अंगी बाणवायचा असतो. दुसऱ्याने सोसावं म्हणून तो त्याच्यावर लादता येत नाही. आम्ही स्वतःच्या अंगाला काही न लावता सुनेकडून तितिक्षा करून घ्यायला निघालो होतो.

दुसरी गोष्ट. दुःख सोसणं वेगळं आणि अन्यायाला हातभार लावणं वेगळं. पावसात भिजणं सोसावं, पण कुणी रोज आपल्या घराची कौलं काढत असेल तर "प्रारब्ध" म्हणून गप्प बसणं याला भक्ती म्हणत नाहीत. शांत मनाने शिडी लावून छप्पर नीट करणं आणि कौलं काढणाऱ्याला अडवणं, हाही प्रारब्धातलाच पुरुषार्थ आहे. मन शांत ठेवायचं ते हात बांधून घेण्यासाठी नाही, हात नीट चालावेत म्हणून.

तिसरी गोष्ट नाथांची. आम्ही ती अर्धीच सांगितली होती. नाथ रात्रभर जागले ते कुणाच्या धाकाने नाही, कामावरच्या प्रेमाने. आणि जनार्दनस्वामी कोण होते? देवगिरीचे किल्लेदार, म्हणजे आजच्या भाषेत साहेबच! एका पैची चूक सापडली म्हणून शिष्याने आनंदाने टाळी वाजवली, तेव्हा ते "एका पैसाठी एवढं तेल जाळलंस?" म्हणून ओरडले नाहीत आणि "चूक झालीच कशी?" म्हणालेही नाहीत. त्यांनी त्या मुलाची एकाग्रता ओळखली आणि तिला ईश्वराकडे वळवलं. या गोष्टीतून हाताखालच्याने जेवढं शिकायचं, त्याहून जास्त वरच्याने शिकायचं आहे. आम्ही इतकी वर्षं फक्त खालचा धडा सांगत आलो.

*कडक साहेब आणि बिघडलेला कारभार यांतला फरक*

इथे एक सावधपणा हवा. प्रत्येक कडक वरिष्ठ वाईट नसतो. काम जास्त असणं, मार्चअखेरीला उशीर होणं, चूक दाखवली जाणं, हे कुठल्याही नोकरीत असणारच. फरक कसा ओळखायचा?

१) कडक साहेब चुकीबद्दल बोलतो. बिघडलेला साहेब माणसाबद्दल बोलतो. "ही नोंद चुकली" आणि "तुला अक्कलच नाही" यांत हाच फरक आहे.

२) कडक साहेबाचा नियम आज-उद्या सारखाच असतो आणि त्याला स्वतःलाही लागू असतो. बिघडलेल्या ठिकाणी नियम रोज बदलतो आणि माणूस बघून बदलतो.

३) कडक साहेबाच्या हाताखाली माणसं दमतात, पण शिकतात. बिघडलेल्या ठिकाणी माणसं चुका लपवायला शिकतात.

४) कडक साहेब चूक एकट्यात सांगतो आणि कौतुक चारचौघांत करतो. दुसरीकडे नेमकं उलटं चालतं.

५) चांगल्या ठिकाणाहून माणूस सोडून गेला तर "का गेला?" असं विचारलं जातं. वाईट ठिकाणी "गेला तर गेला" म्हणतात.

हे असं होतं तरी का? बहुतेक वेळा साहेब मुळात दुष्ट असतो असं नाही. उत्तम काम करणाऱ्या माणसाला एक दिवस दहा जणांवर नेमतात, पण माणसं सांभाळायची कशी हे त्याला कुणीही शिकवलेलं नसतं. उत्तम गाणारा उत्तम शिकवेलच असं नाही, तसंच हे. त्यात वरून आकड्यांचा रेटा असतो. वरचा त्याला दटावतो, तो खालच्याला दटावतो. भीतीमुळे खालची माणसं खरी अडचण वर सांगत नाहीत. मग वरच्यांना वाटतं की सगळं आलबेल आहे. काम अडलं की पुन्हा ओरडा, आणि हे चक्र चालू राहतं. साहेबाबद्दल द्वेष मनात साठवायचा नाही तो एवढ्यासाठी. त्यालाही कुणीतरी बिघडवलेलंच असतं. पण कारण समजलं म्हणून त्याचं वागणं बरोबर ठरत नाही, हेही तितकंच खरं.

शरीराचं सांगणंही ऐकायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या रोगवर्गीकरणात कामाच्या सततच्या ताणातून येणाऱ्या या अवस्थेची नोंद घेतली. इंग्रजीत तिला 'बर्नआउट' म्हणतात. तो आजार म्हणून नाही, तर कामाच्या ठिकाणाशी निगडित अवस्था म्हणून त्यात नोंदला आहे. तीन खुणा दिल्या आहेत: अंगातली शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मन उडणं किंवा कडवट होणं आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटू लागणं. आम्ही हे वाचलं तेव्हा सुनेचं गेलं वर्ष डोळ्यांपुढून गेलं. आम्ही ज्याला "हल्ली फार चिडचिड करते" म्हणत होतो, ते हे होतं.

*कमाटी बागेतलं एक झाड*

सून ज्या कमाटी बागेत बसली होती, तिथे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एक तरुण अधिकारी असाच काही तास बसला होता. आपल्यापैकी वडोदऱ्याच्या मंडळींनी सयाजीबागेतली संकल्पभूमी पाहिली असेल. हा तरुण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१३ मध्ये त्यांना शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. शिक्षणानंतर संस्थानची नोकरी करायची असा करार होता, त्याप्रमाणे १९१७ मध्ये ते बडोद्याला रुजू झाले. त्यांच्याएवढा शिकलेला माणूस त्या कचेरीत दुसरा क्वचितच असेल. पण शिपाई त्यांच्या हाती कागद देत नसत, विटाळ होईल म्हणून लांबून टेबलावर टाकत, असं त्यांच्या चरित्रात नोंदलेलं आहे. गावात राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव घेऊन राहिले, तर अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. संध्याकाळपर्यंत जागा सोडावी लागली. ओळखीच्यांनीही आसरा दिला नाही. मुंबईची गाडी रात्री होती. तोवरचे काही तास त्यांनी या बागेत काढले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे.

त्या जातीय छळाची बरोबरी आमच्या सुनेच्या त्रासाशी मुळीच होत नाही, हे आम्ही स्पष्ट लिहितो. तो संपूर्ण समाजाचा अपराध होता, आणि त्यात आपल्याच वाडवडिलांचा समाज होता हेही विसरू नये. पण दोन गोष्टी आपण सगळ्यांनीच शिकाव्यात अशा आहेत.

एक, वरचा राजा चांगला असला म्हणजे खालची कचेरी चांगली असेलच असं नाही. सयाजीराव महाराजांसारखा द्रष्टा राजा, तरी त्यांच्याच कचेरीत हे घडलं. चांगला हेतू आपोआप खाली झिरपत नाही. खालपर्यंत जाऊन बघावं लागतं.

दोन, बाबासाहेब तिथून निघून गेले, ही त्यांची हार झाली का? पुढे १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कारखान्यातल्या कामगाराचे आठवड्याचे ५४ तास ४८ वर आणणारी कायद्याची दुरुस्ती १९४६ मध्ये झाली, तिचं विधेयक त्यांनीच मांडलं होतं. ज्या माणसाला एका कचेरीत पाय ठेवणं नकोसं केलं गेलं, त्याने लाखो माणसांच्या कामाच्या जागा थोड्या सुसह्य केल्या. तेव्हा नोकरी सोडणारा पळपुटाच असतो हा आपला समज काढून टाकू या.

*व्यवहारात काय करावं*

उपासना मनाला बळ देते. पण त्या बळाने पुढे करायचं काय, हे ठाऊक हवं. अनुभवातून आणि आपल्या केंद्रातल्या जाणकार गुरुबंधूंना विचारून आम्ही ही यादी केली आहे.

१) *वही ठेवावी.* तारीख, वेळ, कोण काय बोललं, समोर कोण होतं. दोन ओळी पुरतात. रागाचे शब्द नकोत, फक्त घडलेलं लिहावं. आमच्या सुनेने लिहायला घेतल्यावर तिला स्वतःलाच दिसलं की महिन्यात अकरा वेळा आदेश उलटे फिरले होते. तोवर तिला वाटत होतं, आपलंच लक्ष नसतं. कंपनीची गोपनीय कागदपत्रं मात्र घरी आणू नयेत.

२) *तोंडी आदेश लेखी करून घ्यावा.* "सर, आपण आज सांगितल्याप्रमाणे अमुक काम अमुक तारखेपर्यंत करते. काही बदल असल्यास कळवावं." एवढा एक मेल पुरे. भांडण नाही, उद्धटपणा नाही.

३) *एकदा समोरासमोर बोलावं.* एकट्यात, शांतपणे, एकच मुद्दा घेऊन. "सगळ्यांसमोर बोललात की मला पुढचं काम सुचत नाही, मला केबिनमध्ये सांगा." फरक पडेलच असं नाही, पण आपण सांगितलं नाही असं तरी राहत नाही.

४) *मग वर किंवा मनुष्यबळ विभागाकडे जावं.* वहीतल्या तारखांसह, आणि शक्यतो ज्यांना तोच त्रास आहे त्यांच्याबरोबर.

५) *लैंगिक त्रास असेल तर तो वेगळाच विषय आहे.* तिथे समजुतीने घेणं नाही आणि सोसणंही नाही. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक कामाच्या ठिकाणी अंतर्गत समिती असायलाच हवी. तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते, सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिने देऊ शकते. दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. आपल्या मुलींना, सुनांना हे माहीत आहे का ते आजच विचारा. आणि तिने असं काही सांगितलं तर पहिला प्रश्न "तू काय केलंस?" हा नसावा.

६) *सोडायचं असेल तर तयारीने सोडावं.* रागाच्या भरात राजीनामा फेकू नये. नेमणूकपत्रातला नोटीसचा काळ वाचावा. शक्य तर सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला करावा. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीसाठी साधारणपणे सलग पाच वर्षं लागतात, तेव्हा दोन-तीन महिने बाकी असतील तर हिशेब करावा. पण प्रकृती ढासळत असेल तर त्या पैशांसाठी अडून बसू नये. भविष्यनिर्वाह निधी काढून न घेता नव्या नोकरीत वर्ग करावा, कारण त्यातल्या पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा मोजली जाते. कार्यमुक्तीचं आणि अनुभवाचं पत्र घेतल्याशिवाय विषय संपवू नये.

७) *मन फार खचलं असेल तर डॉक्टरांकडे जावं.* झोप नाही, जेवण नाही, "मी नसलेलीच बरी" असे शब्द तोंडात येतात, तेव्हा नुसत्या अंगाऱ्यावर विसंबू नये. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते. मधुमेहाला औषध घेताना आपली श्रद्धा कमी होत नाही, तशी मनाच्या औषधानेही होत नाही.

*घरच्यांनी काय करावं*

हा भाग आम्ही आमच्यासारख्या सासवा, आया आणि सासऱ्यांसाठी लिहितो आहोत.

दारातून आल्या आल्या "आज काय झालं?" विचारू नये. आधी पाणी द्यावं, चहा द्यावा. बोलावंसं वाटलं की माणूस आपणहून बोलतं. बोलायला लागलं की मध्येच "आमच्या वेळी तर..." सुरू करू नये. "एवढा पगार कुठे मिळेल?", "लोक काय म्हणतील?", "हप्ते कसे भरायचे?" हे प्रश्न खरे असतात, पण ते विचारायची वेळ वेगळी असते. आम्ही शेवटी एक रविवार ठरवून सगळे वही-पेन घेऊन बसलो. घराचा हप्ता किती, शाळेची फी किती, आमची पेन्शन किती. मग लक्षात आलं की पगार थोडा कमी झाला तरी चूल बंद पडत नाही. मनातली भीती कागदावर मांडली की तिचा आकार कळतो.

*आणि आपणच साहेब असलो तर?*

हे लिहायला आम्हाला सगळ्यात जड जातं आहे.

त्या वर्षीच्या गुरुपौर्णिमेला महाप्रसादाच्या स्वयंपाकाची जबाबदारी आमच्याकडे होती. सून मदतीला आली होती. आदल्या रात्री आम्ही सांगितलं, भाजी बटाट्याची. पहाटे बदललं, दुधी करू. दुधी चिरून झाल्यावर म्हणालो, दोन्ही करा. भात थोडा लागला तेव्हा एका सेवेकरी मावशींना पंधरा जणींसमोर म्हणालो, "एवढ्या वर्षांत साधा भात येत नाही तुम्हाला?" प्रसाद उत्तम झाला. सगळ्यांनी आमचं कौतुक केलं आणि आम्ही ते घेतलं.

घरी येताना सून स्कूटर चालवता चालवता हळूच म्हणाली, "आई, रागावू नका. आज तुम्ही मावशींना बोललात ना, आमचे सर अगदी असंच बोलतात."

आम्ही काही बोललो नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच. दुसऱ्या दिवशी त्या मावशींच्या घरी जाऊन क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "अहो, सेवेत असं चालायचंच." आम्हीही सुनेला नेमकं हेच सांगत होतो!

समर्थांच्या दासबोधात दुसऱ्या दशकाचा पहिलाच समास मूर्खलक्षणांचा आहे आणि त्याच दशकाच्या शेवटी पढतमूर्खाची लक्षणं आहेत. आपण ते वाचतो तेव्हा प्रत्येक ओळीला दुसऱ्याच कुणाचा तरी चेहरा आठवतो. त्या दिवसापासून आम्ही ते समास आरशासारखे वाचतो.

आपल्यात दुकानदार आहेत, कारखानदार आहेत, शाळेच्या मुख्याध्यापिका आहेत, बँकेतले अधिकारी आहेत. आणि ज्यांच्याकडे कुणीच नाही त्यांच्याकडे घरकामाला बाई तरी येतेच. पहिल्या रांगेत आरतीला उभं राहणारा माणूस दुसऱ्या दिवशी हाताखालच्याला कसा बोलतो, ते सद्गुरूंना दिसतं आणि त्या माणसाच्या घरच्यांनाही कळतं. आपल्याबद्दल घरी जाऊन कुणी रडत नाही ना, एवढं प्रत्येकाने तपासावं. चूक एकट्यात सांगा. आदेश बदलला तर "मी बदलला" असं म्हणा. पगार ठरल्या तारखेला द्या. रजेला हो किंवा नाही, स्पष्ट सांगा. रात्रीच्या आरतीनंतर कुणाला कामाचा निरोप पाठवू नका. हीसुद्धा उपासनाच आहे.

*पुढे काय झालं*

काही मंडळींना वाटेल की सुनेने नामस्मरण वाढवलं आणि साहेब सुधारले. तसं झालं नाही. तिने वही ठेवली, मेल लिहिले, साहेबांशी बोलली, वर तक्रारही दिली. रात्रीचे निरोप महिनाभर थांबले आणि पुन्हा सुरू झाले. मग पाच महिन्यांनी तिने रीतसर नोटीस देऊन नोकरी सोडली. आता एका लहान फर्ममध्ये आहे. पगार सहा हजारांनी कमी आहे. ते साहेब अजून तिथेच आहेत आणि तिच्याबरोबरच्या दोन मुली अजून त्यांच्याच हाताखाली आहेत. तिने त्यांना ती वही ठेवायची रीत शिकवून ठेवली आहे.

नामाचा उपयोग झाला नाही असं नाही. त्या पाच महिन्यांत ती ऑफिसच्या गेटपाशी स्कूटर लावून दोन मिनिटं डोळे मिटून नाम घ्यायची आणि मग आत जायची. ती म्हणते, "आई, साहेब बदलले नाहीत. पण त्यांच्या समोर माझा आवाज कापायचा थांबला." रविवारी तिचं पोट आता दुखत नाही. सकाळी आमच्याबरोबर बसून नाश्ता करते.

*या पंधरवड्याचा अभ्यास*

कुटुंबाने एकत्र बसून अर्धा तास काढावा. फोन बाजूला ठेवावेत.

१) घरातल्या कमावत्या माणसाला विचारा, "तुझ्या कामाच्या ठिकाणी तुला सगळ्यात जड काय जातं?" आणि उत्तर संपेपर्यंत कुणीही उपदेश करायचा नाही.

२) आपण कुणाला "सोस" असं सांगितलं आहे का? त्याने काय सोसावं असं आपल्याला वाटत होतं, आणि ते आपण स्वतः सोसलं असतं का?

३) आपल्या हाताखाली, दुकानात, घरात किंवा सेवेत जी माणसं आहेत, त्यांच्यापैकी एकाचं नाव मनात आणा. या आठवड्यात त्याचं एक कौतुक चारचौघांत करा. आपलं चुकलं असेल तर एकदा क्षमा मागा.

४) दासबोधाच्या दुसऱ्या दशकातला पहिला समास रोज थोडा वाचा. वाचताना दुसऱ्या कुणाचा चेहरा आठवला की ती ओळ पुन्हा स्वतःसाठी वाचा.

५) जप झाल्यावर, ज्याने आपल्याला त्रास दिला त्याच्यासाठी सद्बुद्धी मागा. आणि आपल्यासाठी त्याच्या समोर खरं बोलायचं बळ मागा. दोन्ही मागायचं, एक मागून दुसरं सोडायचं नाही.

ज्यांच्या घरी असा प्रश्न आहे त्यांनी गटावर सगळ्यांसमोर लिहिलंच पाहिजे असं नाही. गुरुवारी उपासनेनंतर केंद्रात या, आम्ही बसलेले असतो. चहा करू, ऐकून घेऊ. उपदेश मात्र करणार नाही, तेवढं आम्ही आता शिकलो आहोत.

लिहिण्यात जे चुकलं ते आमचं, जे बरं झालं ते सद्गुरूंचं.

॥ श्रीसद्गुरुचरणारविंदार्पणमस्तु ॥